ब्लाऊजच्या कात्रणांची गोधडी: तुकडे एकमेकांना जोडू नका, पायावर बसवा

प्रश्न थोडक्यात असा: एक ताई घरी ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवतात. काही वर्षांची कात्रणं दोन पोती भरून माळ्यावर पडली आहेत. व्हिडिओ बघून त्यांनी अडीच अडीच इंचांचे चौकोन कापले आणि मशीनवर जोडायला घेतले. कोपरे जुळेनात, मधेच कापडाला फुगा आला, आणि पहिल्या धुण्यात काही शिवणी उसवल्या. त्या विचारतात की चुकलं कुठे, बारीक तुकडे ठेवायचे की टाकायचे, आणि या ढिगातून एक धड गोधडी निघेल का.

ताई, गोधडी निघेल, आणि एकच नाही, बऱ्याच निघतील. पण त्याआधी एक हिशेब मांडते, कारण तो कळला की निम्मी काळजी मिटते. एका माणसाच्या गोधडीचं माप साधारण ४८ इंच रुंद आणि ८० इंच लांब धरा. ते होतं अडीच चौरस मीटर. ब्लाऊज-परकराचं सुती पॉपलिन किंवा केंब्रिक चौरस मीटरला १०० ते १२० ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे गोधडीची वरची बाजू तुकड्यांनी पूर्ण झाकायला अडीचशे-तीनशे ग्रॅम कापड पुरतं. कडा मुडपण्यात आणि एकावर एक चढवण्यात जाणारं धरलं तरी चारशे ग्रॅम. तुमच्या दोन पोत्यांत याच्या कितीतरी पट माल आहे. तेव्हा सगळं वापरून संपवायचा हट्ट सोडा आणि त्यातलं उत्तम तेवढं निवडा. कात्रणांच्या कामात निवड करणारी बाईच पुढे टिकते. प्रत्येक चिंधीचा जीव वाचवायला निघालेलीची गोधडी पहिल्या वर्षीच फाटते.

आता चुकलं कुठे ते बघू. चौकोन कापून जोडायची पद्धत वाईट मुळीच नाही. पण ती तागे विकत घेऊन काम करणाऱ्यांना सोयीची आहे, टेलरच्या कात्रणांना ती महाग पडते. अडीच इंचाच्या चौकोनाला चारही बाजूंनी पाव इंच शिलाई गेली की दिसायला दोन इंच उरतो. सव्वासहा चौरस इंच कापडातले चार वर आणि बाकीचे शिवणीत, म्हणजे ३६ टक्के कापड आत गडप. दोन इंचाचा चौकोन घेतलात तर ४४ टक्के. पाच इंचाचा घेतलात तर मात्र १९ टक्क्यांवर भागतं. तुकडा जितका लहान, तितकं कापड शिवणीत जास्त आणि शिवणींची संख्याही जास्त. त्यात चौकोन काढताना कडेचं कापड कापून टाकलं ते वेगळंच. उरलेलं वाचवायला बसायचं आणि त्यातलं अर्धं पुन्हा कचऱ्यात घालायचं, हे मला पटत नाही.

दुसरं कारण तुमच्या कात्रणांच्या आकारातच आहे. ब्लाऊजच्या कटिंगमधून काय उरतं ते आठवा. मुंढ्याचे, म्हणजे बाही जोडायच्या खाचेचे, चंद्रकोरीसारखे तुकडे, बाहीच्या दोन्ही बाजूंचे त्रिकोण, कटोरीतून, म्हणजे छातीच्या गोलाव्यातून, निघालेल्या वाकड्या पट्ट्या, आणि मागचा गळा खोल असेल तर हाताच्या पंजाएवढा अर्धगोल. यातल्या बहुतेक तुकड्यांच्या कडा तिरप्या असतात. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेनं कापड ओढलं तर ते फारसं सरकत नाही, पण तिरपं ओढलं की लगेच वाढतं. गळ्याला क्रॉस पट्टी लावताना हाच गुण तुम्ही रोज वापरता. चौकोनात तोच गुण नडतो. एका कडेला उभा धागा, शेजारच्या तुकड्याला तिरपा, कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाखाली एक जागेवर राहतो आणि दुसरा ताणला जातो. कोपरे कितीही मन लावून जुळवलेत तरी हलणारच. फुगा येतो तो इथून.

तिसरं कारण उसवण्याचं. व्हिडिओत सगळीकडे एकाच जातीचं घट्ट विणीचं सुती कापड असतं. तुमच्या पोत्यात सुती अस्तर, ब्लाऊजचं पातळ रुबिया, क्रेप, सिल्कसारखं दिसणारं पॉलिस्टर, सगळं एकत्र आहे. सैल विणीच्या कापडाचे धागे पाव इंच शिवणीतून सुटून येतात. शिवाय सुती कापड धुतल्यावर आटतं आणि पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. ही दोन शेजारी शिवली की पहिल्या धुण्यानंतर सुती तुकडा आपल्याकडे ओढतो, पॉलिस्टरला चुण्या पडतात आणि मधल्या शिवणीवर ताण येतो.

म्हणून कात्रणं निवडताना रंग आणि आकार मागाहून बघायचे, आधी कापडाची जात बघायची. हाताला कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा, खाली पाण्याची वाटी ठेवून. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटानं चुरता येईल अशी मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी होतो. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. मिश्र कापडात राखही दिसते आणि तिच्यात कडक कणही लागतात. रुबियाबद्दल विशेष सांगते. नाव एकच असलं तरी बाजारात शुद्ध सुती आणि मिश्र दोन्ही येतात, तेव्हा प्रत्येक रंगाचा धागा जाळून बघा, दुकानदाराच्या सांगण्यावर राहू नका.

पांघरायच्या गोधडीत मी फक्त सुती घेते. पॉलिस्टर घाम शोषत नाही, अंगावर घसरतं, आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. ज्या घरात अजून चूल किंवा बंब पेटतो तिथे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पॉलिस्टरची कात्रणं वाया गेली असं नाही. त्यांच्या पिशव्या होतात, मशीनवर टाकायचं झाकण होतं. फक्त सुतीशी त्यांची गाठ घालू नका. आणि कृपा करून ही कात्रणं बंबात जाळू नका, तो धूर घरातल्या सगळ्यांच्या छातीत जातो.

सुती ढीग वेगळा झाला की धुऊन घ्या. सुटे तुकडे धुतलेत तर धाग्यांचा गुंता होईल. जुन्या उशीच्या अभ्र्यात भरा, तोंड कच्च्या टाक्यांनी शिवा आणि बादलीत खळबळून काढा. गडद लाल, मरून, निळा आणि काळा यांना एकत्र भिजवू नका. रंग जातो का ते बघायला तुकडा ओला करून पांढऱ्या मांजरपाटावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर तो तुकडा गोधडीत घालू नका, मग तो कितीही आवडता असो. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. आजच्या बहुतेक सुती रंगांवर त्याचा भरवसा धरता येत नाही, त्या नादात पांढरी शुभ्र गोधडी गुलाबी होते.

वाळल्यावर तांदळाची पातळ खळ देऊन इस्त्री करा. मुंढ्याच्या आणि कटोरीच्या तिरप्या तुकड्यांना याचा खरा उपयोग आहे. खळ असेपर्यंत ते ताणले जात नाहीत. गोधडी पूर्ण झाली की एकदा धुऊन ही खळ काढून टाकायची, नाहीतर कसर लागते.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या जुन्या गोधडीत तुकडे एकमेकांना जोडून आधी मोठं कापड तयार करत बसत नाहीत. खाली साड्यांचे थर अंथरायचे, त्यावर तुकडा ठेवायचा, कडा मुडपायची आणि धावदोरा घालायचा. तोच धावदोरा तुकडाही धरतो आणि सगळे थरही एकत्र बांधतो. एका टाक्यात दोन्ही कामं होतात. तुकड्यावर ताण येतच नाही, कारण ताण खालचा पाया घेतो. तुकडा तिरपा कापलेला असो, गोल असो, तीन कोपऱ्यांचा असो, पायावर सपाट बसला की झालं. ब्लाऊजच्या कात्रणांना याच्याइतकी सोयीची दुसरी रीत मला माहीत नाही.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या बायका जी कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तिच्यात ही रीत सगळ्यात सुंदर दिसते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी बरेच जण पळून त्या रानांत येऊन राहिले. त्यांची कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेनं चारही बाजू फिरते आणि गोल गोल आत येत मध्यावर संपते. चारही कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी घालून काढलेली फुलं असतात, ती नसली तर कवंदी उघडीबोडकी समजतात. काही जणी शेवटचा तुकडा लावण्याआधी त्याच्याखाली तांदळाचे चार दाणे ठेवतात, तिचं पोट भरलेलं असावं म्हणून. नवशिकीला मी हीच बाहेरून आत येणारी रीत शिकवते, कारण प्रत्येक नवा तुकडा आधीच्याची उघडी कडा झाकत जातो आणि मुडपायचं काम निम्मं होतं.

पाया कशाचा करायचा? नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, आणि रुंदी पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस इंच असते. म्हणजे एका लुगड्यात एका गोधडीचं पोट तयार. पाचवारी असेल तर दोन लागतील. जुनी सुती साडी बसायच्या जागी विरलेली असते, पदर आणि काठ मात्र शाबूत राहतात. विरलेला भाग मधल्या थरात जाईल आणि घट्ट भाग सगळ्यात खाली येईल अशा घड्या घाला. थर चारच्या वर नेऊ नका. ऊब जास्त मिळेल म्हणून सहा-सात थर घालतात, पण मग सुई ओढताना मनगट भरून येतं, टाके लांब पडतात आणि धुतल्यावर गोधडी दोन दिवस वाळत नाही.

थर जमिनीवर अंथरून चारही बाजूंनी हलक्या हातानं ताणा आणि कडेला पाट किंवा जड डबे ठेवा. मग मधून बाहेर असे हातभर अंतरावर कच्चे टाके घाला. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं की पुढचं सगळं बिघडतं. थर सरकले की खालच्या बाजूला साडी गोळा होते आणि ती शेवटपर्यंत सरळ होत नाही.

आता पहिला तुकडा. तो सगळ्यात घट्ट आणि सरळ कडेचा घ्या, कारण कोपऱ्याला सगळ्यात जास्त ओढाताण होते. ब्लाऊजपीसच्या बांधीव काठाच्या पट्ट्या, ज्या तुम्ही एरवी कापून फेकता, त्या इथे उपयोगी पडतात, त्यांचे धागे सुटत नाहीत. गोधडीच्या थरांची कड पाव-अर्धा इंच आत मुडपा, तुकड्याची कडही आत मुडपा आणि दोन्ही मुडपलेल्या कडा समोरासमोर आणून धावदोऱ्यानं पकडा. अशानं नंतर वेगळी पट्टी लावावी लागत नाही. दुसरा तुकडा पहिल्यावर अर्धा इंच चढवायचा. जी बाजू वर दिसणार तेवढीच पाव इंच मुडपायची, बाकीच्या बाजू उघड्याच राहू द्यायच्या, पुढचे तुकडे त्या झाकतील.

मुंढ्याच्या चंद्रकोरीचं काय करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण ब्लाऊजवालीकडे हाच तुकडा सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेक जणी तो टाकून देतात. त्याला एक कड आत वळलेली असते आणि एक बाहेर फुगलेली. बाहेर फुगलेली कड मुडपायला सोपी, थोड्या चिमट्या घेतल्या की बसते. आत वळलेली कड मुडपायची असेल तर तिला तीन-चार ठिकाणी कातरीच्या टोकानं बारीक चिरा द्याव्या लागतात, आणि तिथूनच पुढे फाटतं. म्हणून आत वळलेली कड कधी वर ठेवू नका. ती दुसऱ्या तुकड्याखाली जाऊ दे आणि फुगलेली कड वर दिसू दे. अशा चंद्रकोरी एकावर एक चढवत गेलात तर खवल्यांची सुंदर ओळ तयार होते. त्यासाठी एक धागाही कापावा लागत नाही. खोल गळ्याचा अर्धगोल मात्र राखून ठेवा. एवढा मोठा सलग तुकडा ब्लाऊजच्या कात्रणांत दुसरा मिळत नाही, तो गोधडीच्या मध्याला लावा.

दोरा सुती आणि जाड घ्या. गोधडीचा म्हणून मिळतो तो चांगला, नाही मिळाला तर मशीनचा सुती दोरा दुहेरी करून त्याला मेण लावा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण तो जुन्या मऊ कापडाला कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड कापलं गेलं तर इलाज नाही. सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी. पोती शिवायचा जाड दाभण घेऊ नका, त्यानं पडलेली भोकं बुजत नाहीत. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणूनची टोपी, घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

धावदोऱ्याच्या दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा, म्हणजे पाऊण इंच. चार थरांतून पाव इंचाहून फार मोठा टाका जाऊ देऊ नका. एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरून मग दोरा ओढा, आणि ओढल्यावर कापडावरून अंगठा फिरवून ताण सारखा करा. पाऊण इंचाच्या अंतरानं ४८ बाय ८० ची गोधडी पूर्ण भरली की ओळींची एकूण लांबी १३० मीटर होते. दुहेरी दोऱ्यानं शिवलं तर तीनशे मीटरच्या आसपास दोरा लागतो. तो एकदमच आणून ठेवा, कारण पुढच्या खेपेला त्याच छटेचा मिळेलच असं नाही.

बारीक तुकड्यांच्या प्रश्नाचं उत्तर या ओळींच्या अंतरातच आहे. प्रत्येक तुकड्यावरून धावदोऱ्याच्या किमान दोन ओळी गेल्या पाहिजेत. एकाच ओळीवर लटकलेला तुकडा धुण्यात उलटतो आणि सुटतो. ओळीत बोटभर अंतर असेल तर तुकडा शिवल्यावर दोन बोटं रुंद दिसायला हवा, आणि मुडपायला दोन्हीकडे पाव पाव इंच हवं. म्हणजे कापताना दोन इंच. त्याहून अरुंद तुकडा पांघरायच्या गोधडीत घालू नका. सुती असेल तर टाचणीची गादी भरायला ठेवा, मुलांच्या बाहुलीच्या पोटात घाला. उशी भरायचा विचार पुष्कळ जणींच्या मनात येतो. कात्रणांची उशी दगडासारखी जड होते आणि आतून वाळत नाही, तिला कुबट वास येतो. गोधडीच्या थरांत सुटी कात्रणं पसरण्याचाही तोच प्रकार, दोन धुण्यांत गोळे होतात. कापडाची कड बांधणाऱ्या ओव्हरलॉक मशीनच्या खालची धाग्याधाग्यांची कात्रणं सरळ टाकून द्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

लांबट पट्ट्या मात्र खूप असतील आणि मशीनवरच काम करायचं असेल, तर पट्ट्यांचे चौकोन करा. इथेही तत्त्व तेच, पट्टी पायावर बसवायची. जुन्या मलमलीचा किंवा साडीचा साडेआठ इंचाचा चौकोन कापा. मध्यावर तिरपी अशी एक पट्टी सुलट ठेवा. दुसरी पट्टी तिच्यावर उलटी ठेवा, एका कडेनं टीप मारा, उलटवा आणि शिवणीवरून नख फिरवा. असं दोन्ही बाजूंना कोपऱ्यापर्यंत करत जा. शेवटी पायाच्या मापानं बाहेर आलेलं कापा. पट्ट्या सारख्या रुंदीच्या नसल्या तरी चालतात, उलट एक अरुंद आणि एक रुंद असल्या तर जास्त शोभतात. खाली पाया असल्यामुळे तिरप्या पट्ट्याही ताणल्या जात नाहीत. असे साठ चौकोन, आडवे सहा आणि उभे दहा, जोडले की बरोबर ४८ बाय ८० होतं. मशीनला १४ नंबरची सुई चालेल, सगळे थर एकत्र शिवताना १६ नंबरची घाला, टीप लांब करा आणि मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाचा दाब थोडा कमी करा. मशीनची गोधडी हातच्या गोधडीइतकी मऊ पडत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. अंथरायला ती उत्तम आणि टिकायलाही.

रंगांबद्दल फार बोलायची गरज नाही, पण एक करा. तुकडे शिवण्याआधी पायावर मांडा आणि मोबाईलनं काळापांढरा फोटो काढा. गडद तुकडे एकाच कोपऱ्यात जमले असतील तर लगेच दिसतं. रंग कुठलाही असो, गडद आणि फिकं सगळीकडे विखुरलेलं असलं की गोधडी शांत दिसते. कडेला चारही बाजूंनी एकच रंग फिरवा. परकराच्या काळ्या किंवा मरून पॉपलिनची कात्रणं तुमच्याकडे असतीलच, ती त्यासाठी राखा.

खण, इरकल, पैठणी, सिल्कच्या साड्यांचे ब्लाऊजपीस यांची कात्रणं या ढिगात मिसळू नका. जर अंगाला टोचते, काळी पडते, आणि धुण्यात तिचे धागे सुटतात. या कात्रणांचे बटवे करा, तोरण करा, भिंतीवर लावायची लहान चौकट करा. त्यातल्या प्रत्येक तुकड्यामागे कुणाचं तरी लग्न, डोहाळजेवण, मुंज असते. म्हणून मी गिऱ्हाइकांना विचारते की तुमची कात्रणं हवी आहेत का. कित्येक जणी चकित होतात, मग मागून घेतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच घरातून दुपट्याचं काम येतं. तुम्हीही विचारा. कापड मुळात त्यांचं आहे.

दुपट्यावरून आठवलं. पहिलं काम पूर्ण मापाच्या गोधडीचं घेऊ नका, दुपट्यापासून सुरुवात करा. पाच इंचाचे ऐंशी चौकोन निघत असतील, तर आडवे आठ आणि उभे दहा जोडून ३६ बाय ४५ इंचाचं दुपटं होतं. त्या मापाला कापडही फारसं वाया जात नाही हे वर सांगितलंच. किंवा वरच्या रीतीनं पायावर तुकडे बसवून करा, ते मला जास्त आवडतं. बाळाच्या दुपट्याला दोनच थर घ्या, पाठीला सगळ्यात मऊ झालेली साडी लावा. बटण, टिकली, जर, लोंबणारा दोरा यातलं काही नको, गाठ थरांच्या आत ओढून घ्या. आणि हे दुपटं अंथरायला, मांडीवर घ्यायला द्या. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर सुटं पांघरूण टाकून त्याला एकटं ठेवू नये, हे देताना त्या घरी आवर्जून सांगा.

शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. होळीनंतर थर अंथरायला अंगण कोरडं मिळतं आणि लांब दिवस मिळतो. गावाकडे घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायची रीत आहे, तोपर्यंत तुमची गोधडी एकदा वापरून झालेली असावी. पहिलं धुणं थंड पाण्यात, हातानं, कमी साबणात करा. पिळू नका, चौघडी करून दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरा. एकाच दोरीवर लोंबती टाकली तर ओल्या वजनानं मधले टाके ताणले जातात. कडक उन्हात उलट बाजू वर ठेवा, रंग टिकतो. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, चार थरांच्या आतली ओल हाताला लवकर कळत नाही, मधोमध गाल लावून बघा.

पहिल्या धुण्यानंतर काही ठिकाणी तुकडे उचललेले दिसतील. ते लगेच त्याच रंगाच्या दोऱ्यानं धरा, पुढच्या धुण्याची वाट बघू नका. आणि दुपटं झालं की मला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, विशेषतः पाठीचा. वरच्या बाजूला तुकड्यांची नक्षी नजर गुंतवते, टाक्यांचा ताण कुठे जास्त पडला आणि थर कुठे सरकले ते पाठीवरच दिसतं. मोठी गोधडी घेण्याआधी तेवढं बघून सांगते.